तीन रंगाच्या टिकल्या आणि माझं कॅल्क्युलेटर (आयपॅड, अपडेटनंतरचे चार महिने)

स्पेक्स सांगत बसत नाही, नववी पिढी, 64 जीबी, होम बटणवाला, सगळ्यांना माहितीये. घेतला तेव्हा घरात आबा बोलले होते, एवढ्या पैशात वासरू आलं असतं. म्हणून हा आयपॅड मी पिक्चर बघायला वापरत नाही, त्याच्याकडून काम काढून घेतो.

काम म्हणजे आमची कापसाची खेडा खरेदी (गावातच शेतकऱ्याकडून कापूस घ्यायचा), अमळनेर तालुक्यात. मापाडी काट्याच्या पावतीचा फोटो व्हॉट्सॲपला टाकतो, मी ते गूगल शीटमधे भरतो आणि रात्री आबा चुकारे (शेतकऱ्याचे पैसे) करतात. माझी मांडणी ठरलेली होती. डावीकडं व्हॉट्सॲप, उजवीकडं शीट, याला स्प्लिट व्ह्यू म्हणतात, आणि कॅल्क्युलेटर स्लाइड ओव्हरमधे, म्हणजे वर तरंगणाऱ्या छोट्या खिडकीत, उजव्या कडेच्या बाहेर लपवलेलं. अंगठ्यानं ओढलं की आत, ढकललं की बाहेर. आयपॅडला कॅल्क्युलेटर मिळालं 2024 ला, 18 नंबरच्या अपडेटमधे, आणि व्हॉट्सॲपचं आयपॅडसाठीचं ॲप आलं मे 2025 मधे. म्हणजे माझं सगळं जमून आलं मे मधे आणि मोडलं नवरात्रात. चार महिन्यांचं सुख.

आयपॅडओएस 26 आलं 15 सप्टेंबरला. मी पण शहाणा, रात्री चार्जिंगला लावून अपडेट मारून टाकलं. सकाळी बघतो तर स्प्लिट व्ह्यू नाही, स्लाइड ओव्हर नाही, वरचे ते तीन टिंब पण नाहीत. त्याजागी मॅकसारख्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात तीन टिकल्या, लाल पिवळी हिरवी. स्प्लिट व्ह्यू आणि स्लाइड ओव्हर 2015 ला आयओएस 9 पासून होतं हो, दहा वर्षांची सवय हाताला, अन् एका रात्रीत गायब. मी दोन दिवस सेटिंग्ज उकरत होतो की कुठंतरी बंद झालं असेल. फुल स्क्रीनचा पर्याय दिला तर एका टायमाला एकच ॲप.

आता त्या टिकल्यांबद्दल. लाल म्हणजे बंद, पिवळी म्हणजे खाली जा, हिरव्यावर बोट दाबून धरलं की अर्धी स्क्रीन वगैरे मेनू येतो. बोट लागलं की टिकल्या मोठ्या होतात, मान्य, पण आधी लागलं तर पाहिजे ना. 10.2 इंचाची स्क्रीन, कापसात दिवसभर हात घातलेला, बोटाला तंतू चिकटलेले, वर धूळ. हिरवी दाबायला जावं तर लाल दाबली जायची. आबा शेजारून विचारायचे, "काय व्हयनं रे?" काय सांगू, सिग्नल तुटला.

नुकसान पण झालं, ते सांगतोच. यंदा पावसानं कापूस ओला येत होता, मॉइश्चर बघितल्याशिवाय घेताच येत नाही. सीसीआयचा (सरकारी कापूस महामंडळाचा) हिशोब शेतकऱ्याला पाठ असतो, 2025-26 ला लांब धाग्याला क्विंटलला 8110 हमीभाव, 8 टक्क्याच्या वर दर टक्क्याला एक टक्का कमी, म्हणजे 10 टक्के ओल असली तर 7947.80. आम्ही खाजगीत कमी भावानं घेतो पण कपात त्याच पद्धतीनं धरतो. एक गाडी 18 क्विंटल 40 किलो, भाव 7000, ओल 10. कॅल्क्युलेटरची खिडकी पावतीच्या फोटोवर आली होती, ती सरकवायला गेलो, लाल लागली, खिडकी गेली, तेवढ्यात पुढची गाडी काट्यावर, आणि मी 6860 च्या जागी 7000 च भरून मोकळा. 2576 रुपये. आबा म्हणे दिलेला चुकारा परत मागायचा नसतो. चूक माझ्या अंगठ्याची, कबूल, पण दहा वर्षं तोच अंगठा बरोबर चालत होता.

मग जळगावला एका दुकानात दाखवला. त्या भाऊनं दोन मिन्टं बघून सांगितलं की टच गेलाय, स्क्रीन बदलावी लागेल. अरे, टच कशाला जाईल. मी म्हटलं स्लाइड ओव्हर पाहिजे, तर म्हणे रिसेट मारून देतो, मागचं व्हर्जन येईल. रिसेटनं मागचं व्हर्जन येत नसतं, कंपनीनं जुन्या व्हर्जनला मंजुरी (साइन) देणं बंद केलं की परत जायचा रस्ताच नाही, एवढं मला पण कळतं. गाडीभाडं अंगावर घेऊन परत आलो. शालक मात्र 18 वरच थांबला होता, दिवाळीत समोर बसून मुद्दाम स्प्लिट व्ह्यू करून दाखवत होता.

इथपर्यंत नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाइप करून ठेवलं होतं आणि खाली पाचपैकी एक स्टार लिहिला होता. तो खोडतोय.

कारण 3 नोव्हेंबरला 26.1 आलं आणि स्लाइड ओव्हर परत. पण कसं, तर हिरव्या टिकलीच्या मेनूतून! म्हणजे परत टिकलीच. शिवाय पहिले स्लाइड ओव्हरमधे बरेच ॲप एकामागं एक ठेवता यायचे, आता एकच. पण माझं कॅल्क्युलेटर एकच आहे, मला काय. उलट आता त्याची साइज बदलता येते, ते पहिले नव्हतं, मी मोठ्या आकड्यांचं करून ठेवलंय, आबांना चष्म्याशिवाय दिसतं.

12 डिसेंबरला 26.2 आलं आणि खरी सुटका तेव्हा झाली. खालच्या डॉकमधून ॲप ओढायचं, कडेला सोडलं की अर्ध्या स्क्रीनला बसतं, नाहीतर स्लाइड ओव्हरमधे जातं, पहिल्यासारखंच. टिकलीला हात लावायचं काम नाही. त्या दिवशी मी नुसतं व्हॉट्सॲप ओढून सोडून पाच-सहा वेळा बघितलं, बायको म्हणे खेळून राहिले का.

आणि एक गोष्ट नाइलाजानं लिहितो, खिडक्या वाईट नाहीत. जिनवाल्याचा (कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचा) हिशोब असतो तेव्हा शीट, व्हॉट्सॲप आणि बँकेचं पान असं तिन्ही समोर ठेवतो, ते जुन्या पद्धतीत बसत नव्हतं. नववी पिढी थोडी दमते, कीबोर्ड उघडायला क्षणभर विचार करते, पण चालतं. नवा घ्यायची गरज नाही, आणि मुख्य म्हणजे घ्यायचा नाही.

स्टार साडेतीन. अर्धा त्या 2576 चा कापला, एक टिकल्यांचा.

सेटिंग्जवर परत लाल 1 दिसायला लागलाय, म्हणजे नवं अपडेट. शेवटची गाडी जिनला खाली झाल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.