झाडावर चढायच्या सुट्या पायऱ्या : मूळचा नायलॉन दोर काढून हलका दोर लावल्यानंतरचा अनुभव

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतच्या पट्ट्यात, मिरीचे वेल फणस, आंबा, पांगारा आणि सिल्व्हर ओक यांवर चढवलेले असतात. घोस काढण्यासाठी एकेरी बांबूची शिडी वापरली जाते. सरळ खोडाला ती उत्तम असते. परंतु जुना फणस दोन पुरुष उंचीवर दुबेळक्यात फुटला, की तिला नीट टेकण नसते आणि वेलाचा चांगला भाग नेमका तिथून वर असतो. अशा झाडांसाठी आम्ही अल्युमिनियमच्या सुट्या पायऱ्या घेतल्या. एक पायरी खोडाला बांधायची, तिच्यावर उभे राहून पुढची बांधायची, असे वर जायचे आणि उतरताना त्या सोडत खाली यायचे. मिरीच्या काढणीचा पूर्ण हंगाम, उन्हाळ्यातील फांद्यांची छाटणी आणि त्यानंतरचा पावसाळा या काळात त्या पायऱ्यांवर दोर बदलून जे पाहिले, ते येथे मांडतो.

पायऱ्यांबरोबर १० मिलीमीटर जाडीचा, तीन पेडांचा नायलॉनचा दोर आला होता. प्रत्येक पायरीला सुमारे अडीच मीटर दोर लागतो. त्याचे एक टोक पायरीला कायमचे बांधलेले असते आणि दुसरे खोडाभोवती फिरवून दोन शिंगांच्या खुंटीवर आडवेतिडवे वेढे देऊन अडकवायचे असते. हा दोर वाईट नाही. या जातीच्या दोराला तुटण्यासाठी साधारण २,००० किलोचा भार लागतो, तेव्हा ताकदीचा प्रश्न कधीच नव्हता. अडचण होती ती त्याच्या ताणण्याची आणि पाण्याशी असलेल्या त्याच्या नात्याची.

खोडापासून काही अंतर बाहेर असलेल्या पावठ्यावर माणूस उभा राहिला, की पायरीचा वरचा भाग खोडापासून सुटू पाहतो आणि खालचा भाग सालीत रुततो. वरचा भाग धरून ठेवण्याचे सारे काम दोराचे असते. दोर ताणला गेला, तर पायरी तेवढी कलते आणि कलता कलता थोडी खाली घसरून मग स्थिर होते. नायलॉनचा दोर कोरडा असताना हे घसरणे थोडे असते व चढणाऱ्याला त्याची सवय होते. ओल्या दोराची गोष्ट वेगळी. नायलॉनचा धागा स्वतःच पाणी शोषतो, ओला झाल्यावर त्याची ताकद १० ते १५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि तो अधिक ताणतो. आमच्याकडे पौष-माघात सकाळी इतके दहिवर पडते, की ऊन वर येईपर्यंत दोर ओलाच असतो. वाळल्यावर तोच दोर ताठर होतो आणि खुंटीवर नीट बसत नाही. फणसावर ओंबील, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, अंगावर चढू लागले असताना खुंटीशी झगडत बसणे किती त्रासाचे असते, हे या कामातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

बदली म्हणून आम्ही ५ मिलीमीटर जाडीचा, १२ पेडांच्या पोकळ विणीचा, डायनीमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाग्याचा दोर घेतला. हा धागा म्हणजे अतिशय लांब रेणूंचे पॉलिएथिलीन आहे. १९९० पासून त्याचे व्यापारी उत्पादन होते, आणि शिडाच्या नौका व मासेमारीच्या जाळ्यांत तो सर्रास वापरला जातो. त्यामुळे चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावर नौकांच्या सामानाच्या दुकानात तो मिळाला. आमच्या बाजारात दोर म्हणून सहज मिळतो तो पिवळा-निळा पॉलिप्रॉपिलीनचा. तोही हलका असतो आणि स्वस्तही, पण उन्हात तो लवकर खरखरीत होऊन चुरतो. माणसाचे वजन पेलणाऱ्या पायरीला तो लावू नये. पॅराकॉर्ड नावाची बारीक दोरीही कोणी सुचवेल. तिची नेहमीची जात २५० किलोच्या आसपास तुटते, तेव्हा तिचाही विचार सोडून द्यावा.

वजनाचा हिशेब असा. नायलॉनचा तो दोर १०० मीटरला साधारण ६.२ किलो भरतो, तर नवा दोर १.५ किलोच्या जवळपास, आणि तुटण्याचा भार मात्र नव्याचाच काहीसा जास्त, २,४०० किलोच्या घरात. चार पायऱ्या खांद्यावर घेतल्या, तर अर्ध्या किलोच्या आसपास फरक पडतो. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण कमरेला घोसांची पिशवी, हातात कोयती आणि बाजूला लटकणाऱ्या पायऱ्या अशा स्थितीत तो दुपारनंतर जाणवतो. नवा दोर पाणी शोषत नाही, त्याची घनता पाण्याहून कमी म्हणजे ०.९७ आहे, आणि विणीत अडकलेले पाणी दोन झटक्यांत निघून जाते. त्यामुळे ओल्या दिवसांत हा फरक आणखी वाढतो.

तरीही वजनापेक्षा मला मोठा लाभ वाटला तो न ताणण्याचा. तुटण्याच्या भाराच्या एक दशांश ताणावर हा दोर अर्धा टक्काही लांबत नाही. पायरी जिथे लावली तिथेच राहते. पाय ठेवल्यावर होणारे ते घसरणे जवळजवळ नाहीसे झाले. आमच्याकडे वर्षानुवर्षे घोस काढणारे काका सुरुवातीला इतक्या बारीक दोरावर पाय टाकायला तयार नव्हते, आणि त्यांचा संशय रास्तच होता. खालच्या पायरीवर उभे राहून त्यांनी ती दोन्ही पायांनी दाबून पाहिली, आणि मग स्वतःहून पुढची पायरी मागून घेतली. एक सूचना मात्र द्यायला हवी : नव्या दोराची वीण पहिल्या काही वापरांत घट्ट बसते आणि तेवढ्यापुरता तो लांबतो. म्हणून झाडावर नेण्याआधी त्याला जमिनीलगत भरपूर ताण देऊन घ्यावा.

या दोराचा खरा अवघड भाग गाठीचा आहे. धागा इतका गुळगुळीत असतो, की आपल्या नेहमीच्या गाठी त्यावर हळूहळू सरकतात, आणि ज्या गाठी धरतात त्यासुद्धा दोराची ताकद निम्म्यावर आणतात. म्हणून पायरीकडचे टोक गाठीने न बांधता दोराच्या पोकळ पोटात त्याचेच शेपूट, म्हणजे मोकळे टोक, परत घालून डोळा, म्हणजे कायमचा फास, तयार करायचा. आत जाणारी लांबी जाडीच्या ७२ पट, म्हणजे या दोराला ३६ सेंटीमीटर ठेवावी, शेपटाचे पेड टप्प्याटप्प्याने कापून ते निमुळते करावे आणि डोळ्याजवळ सुईने काही टाके घालावेत. असा डोळा दोराची बहुतांश ताकद राखतो. काम किचकट नाही, पण घाईचेही नाही. कोयतीने किंवा साध्या सुरीने हा दोर नीट कापला जात नाही. चिकटपट्टी घट्ट गुंडाळून धारदार कात्रीने कापावा. खुंटीवरही नायलॉनपेक्षा एक-दोन वेढे अधिक द्यावे लागतात आणि शेवटचा वेढा अडकवून टाकावा लागतो.

झाडाच्या बाजूने पाहिले, तर सारेच चांगले म्हणता येत नाही. बारीक दोर साल कापतो. फणसाच्या जुन्या, खडबडीत सालीला काही होत नाही, पण कोवळ्या पांगाऱ्यावर त्याचा वळ उमटला आणि चीक आला. तिथे आम्ही दोराखाली जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घालू लागलो. तिने साल वाचते आणि पकडही वाढते. उलट वेलाच्या दृष्टीने बारीक दोर सोयीचा आहे. मिरीचा वेल मुळ्यांनी सालीला चिकटलेला असतो, आणि जाड दोर त्याच्यावरूनच न्यावा लागे. हा मात्र दोन वेलांच्या मधल्या फटीतून, वेल न चिरडता, खोडापर्यंत पोचतो.

पावसाळ्याच्या तोंडी आणि पुन्हा श्रावण-भाद्रपदात आम्ही वेलांवर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, मारतो. त्याने दोर निळसर झाला, पण धाग्यावर परिणाम दिसला नाही. पॉलिएथिलीनला अल्क किंवा आम्ल सहसा बाधत नाही. फणसाचा चीक खोबरेल तेल चोळून निघतो. पृष्ठभागावर बारीक लव आली आहे. ती एका मर्यादेपर्यंत आतल्या धाग्याचे रक्षणच करते; मात्र एखादा पेड तुटलेला दिसला, तर तो दोर पायरीवरून उतरवायचा, असा आमचा नियम आहे. वीण पोकळ असल्याने दोर दोन्ही बाजूंनी दाबला की फुगतो आणि आतपर्यंत पाहता येतो, ही मोठी सोय आहे.

दोन बाबतींत हा दोर वापरू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. पायऱ्या महिनोन्‌महिने झाडावर तशाच ठेवायच्या असतील, तर तो नको, कारण सतत भाराखाली हा धागा हळूहळू लांबत जातो. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. हार्नेसपासून, म्हणजे चढणाऱ्याच्या अंगावर बांधलेल्या सुरक्षा-पट्ट्यांपासून, खोडाभोवती जाणारा कमरेचा दोर याचा करू नये. माणूस घसरला, तर न ताणणारा दोर सारा हिसका थेट अंगाला देतो. शिवाय तो १४५ ते १५० अंशांच्या आसपास वितळतो, तर नायलॉनला २०० अंशांहून बरेच वर जावे लागते. त्यामुळे घर्षणाने धरणारी गाठ त्याच्यावरून जोराने सरकली, तर ती उष्णता त्याला सोसत नाही. आमचा कमरेचा दोर गाभा आणि आवरण असलेला, ११ मिलीमीटर जाडीचा नायलॉनचाच आहे, आणि पायरीवर उभे असताना तो खोडाभोवती असल्याशिवाय हात सोडायचा नाही, हा दंडक पायरीचा दोर कोणताही असला तरी पाळला जातो.

भाव मीटरमागे नायलॉनच्या कितीतरी पट आहे. वर्षातून एखाद्या वेळी दोन नारळ किंवा चार आंबे उतरवण्यासाठी पायऱ्या वापरणाऱ्याने मूळचा दोर बदलण्याची गरज नाही. तो उन्हापावसात न ठेवता वाळवून, पेड उलगडून तपासत राहिला, तर पुष्कळ काळ चालेल. ज्यांच्या बागेत मिरीची काढणी आठवडे चालते, त्यांनी आधी एकाच पायरीला, सर्वांत खालच्या पायरीला, हा दोर लावून पाहावा, आणि डोळा गुंफण्याचा हात बसल्यानंतरच वरच्या पायऱ्यांचे दोर बदलावेत.