सिरॅमिक कोटिंगवरचे पाण्याचे डाग : ग्यॉन वॉटरस्पॉट कुठवर पुरतं?

बोअरचं पाणी बॉनेटवर वाळलं की पांढरी वर्तुळं उमटतात. सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावलेला कडक, पाणी झटकणारा संरक्षक थर) असलेल्या गाडीवर ती जास्तच डोळ्यांत भरतात आणि कोटिंग वाया गेलं असं वाटतं. तसं नसतं. कोटिंगवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन उभं राहतं. तो थेंब उन्हात आटला की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तेवढ्याच जागेत जमतात.

ग्यॉन या कार-केअर ब्रँडचं वॉटरस्पॉट हा आम्लधर्मी स्प्रे नेमका याच थरासाठी आहे. त्या कामात तो चोख आहे, पण वापरण्याची शिस्त पाळली तरच. गाडी आधी न्यूट्रल (आम्लधर्मीही नाही, अल्कधर्मीही नाही अशा) कार शाम्पूने धुऊन घ्या, नाहीतर डागांवरची धूळच घासली जाईल. पत्रा हाताला गार लागला पाहिजे आणि गाडी सावलीत हवी. मायक्रोफायबरच्या कपड्यावर चार-पाच फवारे मारा, अर्ध्या बॉनेटवर हलक्या हाताने फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि भरपूर पाण्याने धुवा. द्रव पत्र्यावर वाळू देऊ नका. वाळलेलं आम्ल स्वतःच नवा डाग सोडतं, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. शेवटी पुन्हा शाम्पू. उघड्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि क्रोम यांपासून हा स्प्रे दूरच ठेवा. हातमोजे घाला.

डाग दोन-चार दिवसांचे असतील तर बाटली विकत घेण्याची गरजही नाही. पाच टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं करून हीच पद्धत वापरा. जुन्या थरावर मात्र व्हिनेगर कमी पडतं. टाइल्स किंवा टॉयलेट साफ करायचं अॅसिड गाडीला अजिबात लावू नये. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते धातूच्या भागांना खातं.

दोन वेळा करूनही वर्तुळ राहिलं तर तिसऱ्यांदा आम्ल लावू नका. टॉर्च तिरपा धरून बघा आणि नखाने हलकेच चाचपा. उंचवटा लागला तर थर शिल्लक आहे, बहुधा सिलिकाचा, आणि तो आम्लाला दाद देत नाही. खळगा दिसला तर क्षारांनी पृष्ठभागच खाल्ला आहे. दोन्हींना पॉलिश, म्हणजे पृष्ठभाग बारीक घासून काढणं, लागतं. पॉलिशने त्या जागेचं कोटिंग निघून जातं, त्यामुळे तेवढं पॅनेल नव्याने कोट करण्याचा खर्च आधीच धरून चाला. डाग निघाल्यावर पाणी पुन्हा गोल थेंबांनी घरंगळलं तर कोटिंग शाबूत आहे. डाग असताना केलेली ही चाचणी निरर्थक, कारण वरचा क्षारच पाणी धरून ठेवतो.

काचेवरच्या जुन्या डागांसाठी या स्प्रेवर पैसे घालवू नका. तिथे सेरियम ऑक्साइडचं काचेचं पॉलिश लागतं.

घरच्या आरओचं टाकाऊ पाणी साठवून गाडी धुण्याची पद्धत सोसायट्यांमध्ये सर्रास दिसते. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण त्या पाण्यात नळापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशीला वापरा. गाडीवर शेवटचा हात आरओच्या शुद्ध पाण्याचा द्या, आठ-दहा लिटर पुरतं. मग वाट न बघता छतापासून खाली मोठ्या टॉवेलने टिपून घ्या. आरशांच्या आणि दारांच्या फटींत पाणी दडून बसतं, तिथे ब्लोअर मारा. गाडी बाहेर काढल्यावर तेच पाणी ओघळून दारांवर उभे डाग पाडतं.