डीटी-८३०डी मल्टिमीटर: ‘टक’ करून गप्प बसणाऱ्या गाडीला पुरतो का?

साताऱ्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तीनशेच्या आतबाहेर मिळणारा हा व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारा मीटर दिसतो खेळण्यासारखा, पण गाडी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) का घेत नाही हे शोधायला पुरतो. यवतेश्वर घाटातल्या धुक्यात लावलेले दिवे कासच्या पार्किंगमध्ये तसेच राहिले, तर मीटर नको, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडणारी जम्पर केबल हवी. कारण दिसत नसतं तेव्हाच घोळ होतो. मग नवी बॅटरी गळ्यात पडते आणि आठवड्याने पुन्हा टक.

आधी आवाज ऐका. भराभर कट-कट-कट म्हणजे सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा सेल्फवरचा विजेचा स्विच) ओढतो, मोटरने करंट मागताच व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, व्होल्टेज सावरतं, परत ओढतो. दोष बॅटरीचा किंवा जोडणीचा. एकच ठळक टक आणि हेडलाइट तसाच लखलखीत, तर संशय सेल्फवर.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. हा आकडा एकटा फसवतो. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली जाता कामा नये. इथे मीटर कमी पडतो: सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, नीचांक धरून ठेवत नाही.

खरी किंमत वसूल होते व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायर-जोडणीत वाटेतच खाल्ले जाणारे व्होल्ट, मोजताना. न्यूट्रल, हँडब्रेक, किल्ली दुसऱ्याच्या हातात. मीटरचा एक प्रोब (टोकदार वायर) बॅटरीच्या प्लस खुंटावर (त्यावर आवळलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरा सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त नको. मायनस खुंट ते इंजिन ब्लॉक ०.३ च्या आत हवा. जास्त आला तर प्रोब खुंटावरून क्लॅम्पवर सरकवा. आकडा घसरला की चोर तिथेच. मायनस आधी काढा, खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पांढरी-हिरवी बुरशी धुवा, पॉलिश पेपर मारा, मायनस शेवटी जोडा.

टक होतो, सोलेनॉइडच्या बारीक वायरला १० व्होल्टच्या वर मिळतात, ड्रॉप जवळपास शून्य आणि बॅटरी १२ च्या वरच? म्हणजे मोटरकडे करंट जातच नाही. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. सेल्फ उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. बॅटरी बदलू नका.

मीटर ओहमवर (अडथळा मोजण्यावर) ठेवून जाड केबल तपासण्यात अर्थ नाही. ०.०१ ओहम अडथळा १५० अँपिअरला दीड व्होल्ट खातो आणि हा मीटर ०.१ च्या खाली वाचतच नाही.

दोन तक्रारी. १० अँपिअरच्या सॉकेटला फ्यूज नाही. लाल प्रोब तिथे राहिला आणि बॅटरीला लावला की थेट शॉर्ट. वायरीही तोकड्या, सेल्फपर्यंत पोचत नाहीत, तेव्हा क्रोकोडाइल क्लिप आणि दोन मीटर वायर वेगळी घ्या. आणि मीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी वेळेवर बदला, ती उतरली की आकडे फुगतात आणि बसलेली बॅटरीही भरलेली वाटते.