पळण्याची सुरुवात कुठे करावी: ट्रेडमिलवर की तळजाईवर?

पळायला शिकण्याची पद्धत आता बहुतेकांना ठाऊक असते. जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला नऊ आठवड्यांचा ‘काउच टू फाइव्ह-के’ (सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर पळण्यापर्यंत) घ्या किंवा दुसरा कोणताही कार्यक्रम घ्या; आठवड्यातून तीन दिवस थोडे पळायचे, थोडे चालायचे आणि पळण्याचा वाटा हळूहळू वाढवत न्यायचा, हे सूत्र जवळपास सारखेच असते. पुण्यात सुरुवात करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न जागेचा असतो, आणि माझ्या मते तो जिममधली ट्रेडमिल की तळजाईसारखी टेकडी, एवढ्यावर येऊन थांबतो. १९८३ पासून शहरात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होत आली असल्यामुळे पळणे म्हटले की डांबरी रस्ता डोळ्यांसमोर येणे साहजिक आहे. परंतु ज्याला अजून सलग दोन मिनिटे पळता येत नाही, त्याने दुचाक्या, उंचसखल पदपथ आणि भटकी कुत्री यांच्याकडेही लक्ष ठेवावे, ही अपेक्षा मला जास्तीची वाटते.

मी दोन्ही ठिकाणी पुरेसा काळ पळालो आहे. ट्रेडमिलच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तिचा पट्टा किंचित दबतो आणि गुडघ्यांना ते मानवते. जून ते सप्टेंबर टेकडीवरच्या वाटा निसरड्या होतात, बुटांच्या तळाला चिखलाचे थर चढतात, तेव्हा जिममध्ये सराव खंडित होत नाही. पहाटेच्या अंधारात एकटीने टेकडीवर जाणे ज्यांना सुरक्षित वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने तर ही बाजू निर्णायक ठरू शकते.

माझा निर्णय मात्र एका वेगळ्याच त्रासाने झाला. ‘काउच टू फाइव्ह-के’च्या पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालल्यावर साठ सेकंद पळणे आणि नव्वद सेकंद चालणे, असे आलटून पालटून वीस मिनिटे करायचे असते. मी जात असे त्या जिममधल्या यंत्रावर वेगाचे बटण दाबले की आकडा ताशी पाच किलोमीटरवरून एकेका दशांशाने वर सरकू लागे, आणि पट्टा आठपर्यंत पोहोचेस्तोवर त्या साठ सेकंदांतला बराच भाग सरलेला असे. वेग कमी करणे त्याहून अवघड होते. मिनिट संपलेले, दम लागलेला, पाय चालण्यावर यायला आतुर, आणि पट्टा अजून सातवर; अशा वेळी एका हाताने दांडी धरून, हिंदकळत्या अंगाने, दुसऱ्या हाताचे बोट वजाच्या बटणावर टेकवून ठेवावे लागे. वीस मिनिटांत हे आठ वेळा करायचे. थेट वेगाची, म्हणजे एकदा दाबताच हवा तो वेग ठरवणारी बटणे असलेल्या यंत्रांवर हा त्रास बहुधा कमी होत असेल.

हे किरकोळ वाटण्याची शक्यता आहे, पण नवशिक्याला सर्वांत आधी जे शिकायचे असते तेच यात हातचे निसटते, असे मला वाटते. आपला वेग श्वासावरून ओळखता आला पाहिजे. पळता पळता एखादे पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, ही साधी कसोटी आहे. मोकळ्या जमिनीवर ते वाक्य तुटू लागले की पाय आपोआप आवरते घेतात. यंत्रावर आधी निवडलेला आकडा कमी करायला मन तयार होत नाही आणि माणूस धापा टाकत तो आकडा पाळत राहतो.

तळजाईच्या पठारापर्यंत वाहन जाते, त्यामुळे चढ टाळता येतो. तिथल्या पाचगाव-पर्वती वनविहारातल्या मातीच्या वाटेवर खडे आणि मुळे असतात, म्हणून पाऊल जपूनच पडते, आणि वेग मर्यादेत राहायला याची मदतच होते. सकाळी तिथे चालणाऱ्यांचीच गर्दी अधिक असल्याने, पळता पळता चालू लागलेल्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. आरशासमोरच्या यंत्रावर हा निवांतपणा मला कधी मिळाला नाही. वेताळ टेकडी पायी चढून जाणाऱ्यांनी मात्र चढ आणि उतार दोन्ही चालतच करावेत. उतारावर पळताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीर आवरून धरावे लागते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याचा ठणका जाणवतो.

जागा कोणतीही निवडली तरी छातीचा दम आधी सुधारतो आणि हाडे व स्नायुबंध मागून तयार होतात. म्हणून नडगी दुखू लागली तर दम शिल्लक असूनही थांबावे. ज्यांच्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून बहुधा ट्रेडमिलच धरावी. इतरांनी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस सुरुवात केली तर एखाददुसरा आठवडा पुन्हा करावा लागला तरी नऊ आठवडे उन्हाळ्याआधी पूर्ण होतात. जिमची वार्षिक वर्गणी भरण्यापूर्वी पहिले दोन आठवडे तळजाईवर काढून पाहावेत, असे मी सुचवेन. पावसाळा तोंडावर असेल तर महिन्यापुरतीच वर्गणी भरावी आणि यंत्राला थेट वेगाची बटणे आहेत ना, तेवढे आधी पाहून घ्यावे.