सीझेड ७५ बी: नऊ महिने आणि बावीसशे गोळ्यांनंतर

नऊ महिन्यांपूर्वी ह्यूस्टनमधल्या एका दुकानातून सीझेड ७५ बी हे नऊ मिलिमीटरचं कोरं पिस्तूल घेतलं. आजपर्यंत बावीसशेच्या वर गोळ्या झाडून झाल्या. दर शनिवारची नोंद वहीत आहे: किती अंतर, किती गोळ्या, कुठे अडलं. घेण्याआधी मी मराठीत खूप शोधलं, हाताला काही लागलं नाही. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

ही ओढ शाळेपासूनची. एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलच्या पाच गोळ्या वाट्याला आल्या होत्या. त्याआधी उस्तादांनी ‘दुरुस्त शिस्त’चा धडा घेतला होता. आम्हाला शिस्त म्हणजे रांगेत उभं राहणं आणि बूट चकचकीत ठेवणं एवढंच ठाऊक. शिस्त म्हणजे नेम, हा अर्थ आपल्या मराठीतही जुना आहे, हे फार उशिरा कळलं. पाच गोळ्या दोन मिनिटांत संपल्या, पण खांद्याला बसलेला तो धक्का मनात राहून गेला.

अमेरिकेत आल्यावरही लगेच जमलं नाही. एच-वन व्हिसावर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक घेता येत नाही. ग्रीनकार्ड आलं आणि मग दुकानात गेलो. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून पार्श्वभूमी तपासून घेतो. माझं उत्तर काही मिनिटांत आलं. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात.

हेच का घेतलं? नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने पिस्तुलं मिळतात. तीन शनिवार वेगवेगळी हाताळली. हलकी, प्लास्टिकच्या सांगाड्याची चांगलीच होती, पण हातात हे घेतल्यावर शोध संपला. मूठ तळव्यात अशी बसते की जणू माप घेऊन केली आहे. पोलादी अंग, रिकामं असताना वजन जवळजवळ एक किलो. योसेफ आणि फ्रान्तिशेक कौत्स्की या दोन भावांनी १९७५ च्या सुमारास तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात याची रचना केली. उहेर्स्की ब्रोद या गावात ते आजही बनतं. पुढे इटलीच्या टॅनफोग्लियो कंपनीने हाच आराखडा उचलला, इस्रायलचं जेरिको पिस्तूलही त्यावरच बेतलेलं. नावातला ‘बी’ म्हणजे फायरिंग पिनला, काडतुसावर मागून आपटणाऱ्या पिनेला, दिलेला अडसर. ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय ती पिन पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटण्याचा धोका टळतो.

स्लाइड म्हणजे नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग. बहुतेक पिस्तुलांत ती सांगाड्याला बाहेरून कवेत घेते. इथे उलट आहे, स्लाइड सांगाड्याच्या आतल्या खोबणीतून धावते. नळी हाताच्या जवळ, खाली बसते आणि धक्का मनगटाला वर उडवण्याऐवजी सरळ मागे येतो. त्याची किंमतही आहे. स्लाइड उंचीला कमी, बोटांना धरायला जागा थोडी. घामेजल्या हाताने ती मागे ओढताना सुरुवातीला माझी बोटं निसटायची. आता मी चार बोटं वरून घट्ट आवळतो आणि मुठीचा हात पुढे ढकलतो. दुखऱ्या सांध्यांच्या माणसाने मात्र दुकानात ही एक गोष्ट आधी करून पाहावी.

पहिल्या दिवशी सात यार्डांवर कागद लावला. पन्नास गोळ्या झाडल्या. भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली होती आणि बरीचशी खाली डावीकडे. मला वाटलं, नेम धरायची मागची खाच सरकली असेल. सोबत कोल्हापूरचा मित्र होता. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ती आपल्या गावची, हे तो इथे भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. त्याने काही न बोलता माझं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, घेतलं, पाठ फिरवून भरलं आणि परत दिलं. दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्याला ट्रिगर दाबला, नुसती ‘खट्ट’ झाली आणि नळीचं तोंड बोटभर खाली झुकलं. त्याने मधे डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस घातलं होतं. धक्का आलाच नव्हता, तरी माझा हात त्याला भिऊन आधीच खाली गेला होता.

“पिस्तूल बरोबर हाय तुझं,” तो म्हणाला. “आवाजाची वाट बघू नकोस. माशीकडं बघ की, आन् बोट एकटंच हलू दे.”

माशी म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची खूण. पुढचे दोन महिने मी हेच केलं. दर मॅगझिनमध्ये एक-दोन डमी, कुठे आहेत ते आपल्याला ठाऊक नसावं. घरी रोज रात्री दहा मिनिटं कोरा सराव, म्हणजे गोळीविना नुसता ट्रिगर दाबायचा. त्या वेळी खऱ्या गोळ्या त्या खोलीत नसतात, आणि पिस्तुलात डमी असतेच, कारण या रचनेत फायरिंग पिन धरून ठेवणारी छोटी पोकळ पिन फार कोऱ्या सरावाने तुटू शकते.

आणि मग मे महिन्यातल्या एका शनिवारी ते जमून आलं. दहा यार्ड. माशी स्वच्छ, टोकदार दिसत होती आणि पलीकडचा काळा गोल धुरकट. अर्धा श्वास सोडला, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर, दाब हळूहळू वाढत गेला आणि गोळी कधी सुटली ते मला कळलंच नाही. खांद्यापर्यंत एक जाड, गोल धक्का आला. पुंगळी उजवीकडे उडाली, पाठोपाठ पोलादावर पोलाद सरकल्याचा आवाज, आणि माशी आपसूक खाचेत परत येऊन उभी. पुन्हा. पुन्हा. पाच गोळ्यांनंतर कागद जवळ ओढून घेतला तर भोकं पुरीएवढ्या जागेत, त्यातली तीन एकमेकांना चिकटलेली. लोक विचारतात, एवढ्या आवाजात मजा कसली? मजा आवाजाची नाहीच. आठवडाभर डोक्यात मीटिंगा, कर्जाचे हप्ते, आईचे रिपोर्ट घोळत असतात. त्या चार सेकंदांत माशीशिवाय दुसरं काही डोक्यात राहूच शकत नाही. राहिलं तर कागद लगेच दाखवतो. इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

ट्रिगरबद्दल थोडं. हॅमर, म्हणजे फायरिंग पिनवर आदळणारा मागचा हातोडा, खाली असेल तर पहिली ओढ लांब आणि जड, त्यानंतरच्या आखूड आणि हलक्या. स्लाइड मागे येताना हॅमर आपोआप ताणला जातो. पण या मॉडेलमध्ये ताणलेला हॅमर सुरक्षित खाली आणणारी कळ नाही. भरलेल्या पिस्तुलावर तो अंगठ्याने सोडावा लागतो आणि अंगठा निसटला तर गोळी सुटते. मी ते करत नाही. लांब ओढीचा सराव घरी, डमीवर. ज्यांना ती कळ हवी त्यांनी याच घराण्यातलं ‘बीडी’ बघावं.

अडथळे? बावीसशे गोळ्यांत पाच वेळा ‘खट्ट’ झाली, पाचही वेळा एकाच स्वस्त खोक्यातली काडतुसं होती. अशा वेळी घाई करायची नसते. पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून तीस सेकंद थांबायचं, कारण उशिराने गोळी सुटू शकते, मगच काडतूस बाहेर काढायचं. ते खोकं बदलल्यापासून एकदाही अडलेलं नाही. ११५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या सरावाला घेतो, १२४ ग्रेनचा धक्का मला जास्त गोड वाटतो. मॅगझिनमध्ये सोळा मावतात, पण मी पाचच भरतो, म्हणजे घाई होत नाही.

गंजाची गोष्ट माझ्या हलगर्जीपणाची आहे. एकदा रेंजवरून आल्यावर साफ न करता ते फोमच्या पेटीत दोन आठवडे ठेवलं. ह्यूस्टनची हवा म्हणजे बारमाही मुंबईचा जून, आणि फोम ओल धरून ठेवतो. उघडलं तर हॅमरवर तांबूस ठिपका. त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता त्याच संध्याकाळी उघडतो: मॅगझिन काढायचं, नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोट घालूनही बघायचं, स्लाइड आणि सांगाड्यावरच्या दोन रेघा जुळवायच्या, मग स्लाइड अडकवून ठेवणारी आडवी पिन उजवीकडून ढकलायची. ती मॅगझिनच्या बुडाने सहज निघते. नळीत ब्रश, मग चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत, शेवटी खोबणींना तेलाचा एकेक थेंब. आजीच्या शिलाई मशीनजवळ यायचा तसा वास घरभर होतो.

गोळ्यांतल्या शिश्याचं भान ठेवा. रेंजवरून निघताना थंड पाण्याने आणि साबणाने हात धुतो, त्याआधी काही खात नाही, आणि घरी आल्यावर कपडे बदलूनच मुलीला जवळ घेतो. कानांना आत बोळे आणि वर मफ, दोन्ही.

खर्चही मोजून ठेवा. रेंजची फी आणि शंभर गोळ्या मिळून माझा एक शनिवार पन्नास डॉलरच्या आसपास जातो. पिस्तुलाच्या किमतीएवढेच पैसे तिजोरीवर घालायची तयारी हवी. घरात मूल आहे. टेक्सासमध्ये मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी तेच केलं असतं. पिस्तूल तिजोरीत रिकामं, गोळ्या दुसऱ्या कुलपात. हिची अट एकच होती, किल्ली आणि नंबर दोघांनाही ठाऊक हवेत. ती स्वतः दोनदा रेंजवर आली, तिचा पहिल्याच दिवसाचा कागद माझ्यापेक्षा चांगला होता.

खंडेनवमीला पाटावर विळी, माझी हत्यारांची पेटी आणि शेजारी हे मांडलं. मॅगझिन बाहेर, स्लाइड उघडी अडकवलेली. हळदकुंकू पाटाला लावलं, पिस्तुलाला नाही, कारण पूड खोबणीत गेली तर निघता निघत नाही. झेंडूही बाजूला. आजोबा कोयत्याला आणि नांगराच्या फाळाला फूल वाहायचे तेव्हा आधी धार पुसून घ्यायचे, ते आठवलं.

पुढच्या महिन्यापासून पंचवीस यार्ड सुरू करतोय. काल पहिल्यांदाच तिथे कागद लावून पाहिला: दहापैकी सहा काळ्यात, दोन कागदाच्या कडेला, दोन कुठे गेल्या ते सापडलं नाही. वहीत तसंच लिहिलंय.