शेवयांचं शेड आणि ओढ्यापासूनचे नऊ मीटर (पाचपैकी चार)
सांगलीत घरामागं शेवयांच्या मशीनसाठी पंधरा बाय वीसचं शेड टाकायचं होतं. मागं ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात कुत्री झोपतात, म्हणून आम्ही त्याला मोजतच नव्हतो. फॅब्रिकेशनवाला अगदी काठावर खांब रोवायला तयार होता. भाऊजी म्हणाले, आधी नकाशा मंजूर करून घ्या, नाहीतर उद्या पत्रे उचलायला लागतील. म्हणून मी एका इंजिनिअरांकडे गेले. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारही आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी पेन्सिल उचललीच नाही. सातबारा बघून विचारलं, "काकू, मोजणीची 'क' प्रत आहे का?" नव्हती. ती म्हणजे सरकारी मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द कुठं ते नाही, हे मला पन्नाशीत समजलं. मोजणी झाली, तर आमचीच तार शेजाऱ्यांच्या जागेत दीड फूट! इतकी वर्षं मी उलट्या बाजूनं भांडत होते. (जास्वंद मात्र परत देणार नाही.) शेजाऱ्यांच्या बाजूचं मार्जिन, म्हणजे मोकळी सोडायची जागा, मग खऱ्या हद्दीपासून धरलं.

ओढ्याचं तर विचारूच नका. साहेब टेप घेऊन उतरले, पण कोरड्या पात्रापासून मोजेनात. पावसाळ्यात पाणी चढतं तिथं खुंटी मारली आणि तिथून नऊ मीटर सोडायला लावले. मी म्हटलं, 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हाही आमच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबलं होतं. तर म्हणाले, ती पूररेषा, तिचा हिशोब निराळा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. आपण लाल रेषेच्या बाहेर असलो तरी ओढ्याचं अंतर सुटत नाही. 2020 च्या बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीचं पानच पुढ्यात ठेवलं.

शेड दहा बाय चौदावर आलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नकाशा एकदाही परत आला नाही. सोडलेल्या जागेत शेवया वाळवायच्या काठ्या उभ्या केल्यात, वारा छान लागतो.

एक स्टार कापला तो फोनसाठी. दुपारी चारनंतर उचलतच नाहीत. शिवाय जागेवर येण्याचे पाचशे वेगळे, हे बिल हातात पडल्यावर कळलं.

मशीन बसलं. पीठ चाळायचं तेवढं अजून स्वयंपाकघरातच.