रंगाखाली लाकूडच नव्हतं

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराच्या खिडक्या आजोबांच्या वेळच्या, सागवानी. पश्चिमेच्या आठ खिडक्यांना पावसाची झड थेट लागते, त्यामुळे चौकटींची खालची लाकडं कुजत आली होती. आई तिथे एकटी असते, मी पुण्यात. मेच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना, एक ठेकेदार दारात आला. आठही लाकडं बदलून साग बसवतो, फटी बुजवतो, रंग देतो म्हणाला, ६२ हजार. सागाचा तुकडा आईच्या हातात दिला. तो खरा होता, चांगला तेलकट वासाचा. मी फोनवरच हो म्हणाले. पाच दिवसांत काम उरकलं. फोटो आले ते रंग दिल्यानंतरचे, आणि तेवढ्यावर मी सगळे पैसे देऊन टाकले.

जुलैत आईचा फोन, "अगं, रंगाला फोड आलेत." मी गेले. फोडावर बोट दाबलं तर पाणी ओघळलं. गावातल्या मेस्त्रीकाकांनी पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. "ताई, ह्यात लाकूड हाय कुठं? भुसा नि लांबी हाय नुसती." लांबी म्हणजे फटी बुजवायची पुट्टी.

पाच चौकटींत कुजकं लाकूड तसंच ठेवून भुसा आणि सरस ठासला होता, वर ऑइलपेंट. उरलेल्या तिघांत बसवलेलं लाकूड पांढुरकं, सालीकडचं. साग टिकतो तो त्याच्या गाभ्यामुळे. सालीकडचा भाग कीड आणि बुरशी सहज खाते.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. खालच्या लाकडाच्या बुडाशी जुन्या सुतारानं बारीक पन्हळ कोरली होती. पाण्याचा थेंब तिथे तुटून खाली पडायचा, भिंतीकडे सरकायचा नाही. ह्या माणसानं ती पन्हळ लांबीनं भरून सपाट केली. आता आतल्या भिंतीला ओल आली आहे.

बिल नंतर नीट वाचलं. साग ५ घनफूट लावला होता. फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४, असं घनफूट काढतात. आमचं एक लाकूड ३ फूट, ४ बाय ३ इंच, म्हणजे पाव घनफूट. आठही बदलली असती तरी २ च भरले असते!

तुमच्याकडे असं काम निघालं तर रंग चढण्याआधी उघडं लाकूड स्वतः बघा, किंवा घरच्या कुणाला बघायला लावा. कुजका भाग तासून काढलाय का, नवा जोड कुठे आहे, हे तेव्हाच दिसतं. ओल्या लाकडावर रंग देऊ देऊ नका, ओल आत कोंडते. काही रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. बिल आणि फोटो जोडून मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. मेस्त्रीकाका खिडक्या दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावरच उघडणार आहेत. तोवर आईनं खिडक्यांना बाहेरून प्लास्टिक बांधलंय.